ही ट्रिक कोणत्या घाण्यातली?

व्हिडिओ गेमचे ज्ञान तीन ठिकाणी साठलेले असते: यंत्रात, खेळणाऱ्याच्या बोटांत आणि दुसऱ्या कोणाच्या तरी मोठ्या भावाकडे. यंत्रातले ज्ञान बिनचूक असते, पण यंत्र ते कोणाला सांगत नाही. बोटांतले ज्ञानही खरे असते, पण बोटांना बोलता येत नाही. उडी नेमकी कधी मारायची असे विचारले की बोटांचा मालक "ती अशी... थांब... हां, आता!" एवढेच सांगू शकतो, आणि तोवर विचारणारा खड्ड्यात पडलेला असतो. मोठ्या भावाकडचे ज्ञान मात्र विपुल, बोलके आणि फुकट असते. त्यात उणीव एवढीच की त्यातले निम्मे खरे नसते, आणि कोणते निम्मे ते भावालाही ठाऊक नसते. ही तिन्ही ज्ञाने गोळा करणे, तपासणे आणि हवी तेव्हा सापडतील अशी मांडून ठेवणे हे गेमच्या माहितीचे संघटन. काम पोरासोरांचे वाटते. ज्यांनी ते अंगावर घेतले त्यांचे केस लवकर पिकतात.

या कामाच्या अभ्यासाला छत्तीसगडातले भिलाई सोयीचे आहे, कारण त्या गावात गेमचे ज्ञान सोडून बाकी सगळ्याला नंबर आहे. १९५५ मध्ये तिथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि कारखान्याबरोबर वसाहतही कागदावर आखूनच उभी राहिली. सेक्टर, सडक, क्वार्टर असा पत्ता तीन आकड्यांत संपतो. पुण्याच्या पेठेत 'मारुतीच्या मागून, गिरणीवरून आत, आणि तिथे कोणालाही विचारा' अशी जी भटकंती पत्त्यातच लिहिलेली असते, ती इथे नाही. भट्ट्यांना नंबर, पाळ्यांना नंबर, कामगाराला नंबर. अशा गावात नव्वदच्या दशकात एखाद्याने विचारावे, की 'कॉन्ट्रा' या गेममधला तिसऱ्या पातळीवरचा धबधबा कसा चढायचा, तर उत्तर यायचे: "सेक्टर सातमध्ये एक पोरगा आहे, त्याला येतं. नाव नाही माहीत. सायकल लाल आहे."

पत्ता नसलेले हे ज्ञान टिकतही नसे. कंपनीचे क्वार्टर नोकरीपुरते. वडील निवृत्त झाले की क्वार्टर सुटते, आणि लाल सायकलवाला धबधब्यासकट निघून जातो. बारावीनंतर उरलेले जाणकार इंजिनिअरिंगला नागपूर, पुणे, बंगळूर धरतात. एका पिढीने सुट्ट्या घालवून मिळवलेली विद्या दुर्ग स्टेशनावरून आझाद हिंद एक्सप्रेसने पुण्याला जाते आणि मागे धाकट्यांच्या हाती एक तुटकी जॉयस्टिक राहते.

संघटनाची पहिली पायरी म्हणजे मोजणी, आणि मोजणीत पहिला धडा कॅसेटने दिला. निन्टेन्डोचे फॅमिकॉम यंत्र जपानात १९८३ मध्ये आले. भारतातल्या घराघरांत पोचल्या त्या बहुतांशी त्याच्या नकला. त्यात खुपसायच्या डबीचे नाव काहीही असो, आपल्याकडे ती कॅसेटच. या कॅसेटवर '९९९९ इन १' असे छापलेले असे. पडद्यावर यादी खरोखरच ९९९९ पर्यंत जाई, मात्र पहिले काही गेम संपले की तेच गेम नवी नावे लावून पुन्हा रांगेत उभे असत. कुठे मारिओ दुसऱ्या पातळीपासून सुरू होई, कुठे त्याला जीव जास्त असत, कुठे नुसता नावातला एक शब्द बदललेला असे. लग्नाच्या पंगतीत तोच पाहुणा तीनदा जेवून गेला म्हणून पाहुणे तीन होत नाहीत, हे ज्याला कळले त्याला माहितीच्या संघटनाचा अर्धा अभ्यासक्रम कळला. ट्रिकांच्या वह्यांचेही तेच होते. दोनशे ट्रिका लिहिलेली वही नीट चाळली तर मूळ ट्रिका तीस-चाळीस भरतात, आणि त्यातल्या काही एकमेकींच्या विरुद्ध असतात.

दुसरा धडा फुंकरीने दिला. कॅसेट लागली नाही की बाहेर काढायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची, परत बसवायची. ही क्रिया भिलाईत, नागपुरात, मुंबईत आणि अमेरिकेतही कोणी कोणाला न शिकवता सारखीच चालत असे. काही घरांत फुंकर मारण्याचा मान ठरलेल्या व्यक्तीला होता, आणि ती व्यक्ती आधी ओठ पुसून घेत असे. वास्तविक कॅसेट चालू होई ती काढून पुन्हा बसवल्यामुळे. त्या खटपटीत पट्ट्यांचा संपर्क नीट जुळे. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट पट्ट्या गंजतात, म्हणून खुद्द निन्टेन्डोनेच फुंकू नका असे बजावले होते. पण ज्ञानाच्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. 'काढा, फुंका, बसवा' या तिन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या, काम झाले, आणि श्रेय सर्वांत नाट्यमय गोष्टीला मिळाले. खेळाडूंच्या ज्ञानात अशा फुंकरी फार असतात. गोल मारताना जीभ बाहेर काढली होती म्हणून जीभ बाहेर काढायची, बटण जोरात दाबले म्हणून गोळी जोरात लागली, असे पाठ पिढ्यान्‌पिढ्या चालतात. संघटकाने ट्रिक लिहून घेताना तिच्यातून फुंकर वेगळी काढायची असते.

तिसरा धडा अटींचा. 'वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी, ए' हा मंत्र शुभंकरोतीनंतर सर्वांत जास्त मुलांना पाठ असलेला मजकूर असावा. त्याचा उगम साधा आहे. काझुहिसा हाशिमोतो हे कोनामी कंपनीतले प्रोग्रामर १९८६ मध्ये 'ग्रेडियस' हा गेम घरगुती यंत्रावर आणत होते. तपासणीसाठी तो पुनःपुन्हा खेळावा लागे आणि तो त्यांना स्वतःलाच झेपेना, म्हणून त्यांनी स्वतःपुरती एक पळवाट, म्हणजे चीट कोड, ठेवली. ती गेममध्ये तशीच राहून गेली. पुढे 'कॉन्ट्रा'त याच दहा बटणांनी ३० जीव मिळू लागले. आता भिलाईत वाद पेटे तो पुढच्या बटणावरून. एक पक्ष म्हणे, शेवटी सिलेक्ट दाबायचे आणि मग स्टार्ट. दुसरा म्हणे, सिलेक्ट दाबायचेच नाही. दोन्ही पक्षांनी स्वतः करून पाहिलेले, दोन्हींना ३० जीव मिळालेले, आणि दोन्ही पक्ष खरे. एकट्याने खेळायचे तर नुसते स्टार्ट. दोघांनी खेळायचे तर आधी सिलेक्ट. ट्रिक तोंडातोंडी फिरताना ही अट गळून पडली होती, आणि गळलेल्या अटीच्या जागी मैत्री तुटेल एवढे भांडण उगवले होते. त्यातच बाजारातल्या काही कॅसेटींत कॉन्ट्रा आधीच फेरफार करून भरलेला असे, जीव न मागताच मिळत. त्या घरातले मूल मंत्रावरच हसे, कारण त्याच्याकडे मंत्राशिवाय फळ होते. धर्माच्या इतिहासातही असे प्रसंग पुष्कळ सापडतात.

चौथा आणि भिलाईपुरता सर्वांत अवघड धडा नावांचा. कारखान्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली, म्हणून या गावाला 'मिनी इंडिया' म्हणतात. एकाच सडकेवर विदर्भातले, आंध्रातले, केरळातले, बंगालचे, पंजाबचे, बिहारचे कुटुंब आणि मूळचे छत्तीसगडी. कॉन्ट्रातली पंख्यासारखी पसरणारी गोळी कोणासाठी 'एस', कोणासाठी 'छत्री', कोणासाठी 'पाँच गोली', तर कोणासाठी हाताची पाच बोटे फाकवून काढलेला नुसता आवाज. मराठी घरातला मुलगा खेळताना हिंदी, हरताना छत्तीसगडी आणि घरी मार खाताना वऱ्हाडी बोलतो. त्याने सांगितलेली ट्रिक कोणत्या भाषेत लिहून घ्यायची, आणि शोधणाऱ्याने ती कोणत्या अक्षराखाली शोधायची? कोशकार याला पर्यायी नोंद म्हणतात: 'छत्री: पाहा एस'. हे जिथे केले जात नाही तिथे एकाच बंदुकीच्या चार बंदुका होतात आणि मग चारांत कोणती भारी यावर चर्चा रंगते.

खेळातले शब्द आपला जन्मदाखला बरोबर बाळगत नाहीत, हे मराठीने फार पूर्वी दाखवून दिले आहे. विटीदांडूत मोजताना 'वकट, लेंड, मुंड, नाल' म्हणणाऱ्या मुलांच्या अनेक पिढ्यांना आपण काय म्हणतो याचा पत्ता नव्हता. भिलाईत शेजारच्या क्वार्टरमधल्या तेलुगू मुलाला मात्र तो तत्काळ लागू शकतो, कारण त्याच्या घरी एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु. शतकांपूर्वी कोणीतरी कोणाला तरी हा खेळ शिकवला, मोजणी जशीच्या तशी आली, आणि आणणाऱ्याचे नाव तेवढे वाटेत पडले.

असे विखुरलेले खेळज्ञान एकत्र करण्याचा उद्योग मराठी माणसाला नवा नाही. एकच खेळ महाराष्ट्रात हुतूतू, मद्रासकडे चेडुगुडु आणि बंगालात हाडुडु होता, आणि प्रत्येक गावाचे नियम वेगळे होते. विशेषतः मेलेल्या गड्याचे काय करायचे यावर एकमत नव्हते. 'संजीवनी' प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक जिवंत होई. 'गामिनी'त मेलेला मेलेलाच, अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर. 'अमर' प्रकारात गडी बाद झाला तरी मैदानातच राही, प्रतिपक्षाला फक्त गुण मिळे. हा जीव संपूच न देणारा चीट कोड कोनामीच्या कितीतरी आधीचा. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम बांधून स्पर्धा घेतली, तेव्हा कुठे कबड्डीला एक घडी बसू लागली. खो-खोचे नियम त्याआधीच, १९१४ मध्ये, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात लिहिले गेले होते. पुढे १९३६ पासून बडोद्यातच द. चिं. मजुमदार यांच्या संपादकत्वाखाली व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड निघाले. आणि सर्व कोशांचे वडील म्हणजे श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश. त्याचे काम सुरू झाले नागपुरात, मग पुण्याला गेले. एकूण २३ खंड झाले. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी, दुर्ग त्याच प्रांतातला जिल्हा आणि भिलाई त्या जिल्ह्यातले खेडे. म्हणजे एका परीने भिलाईचा मुलगा ट्रिकांची वही करायला बसतो तेव्हा तो प्रांताची परंपराच चालवत असतो, फक्त आईला तसे वाटत नाही.

ही परंपरा सरकारी पातळीवरही पुन्हा दिसली. ऑक्टोबर २०२२ मध्ये छत्तीसगड शासनाने 'छत्तीसगढिया ऑलिंपिक' सुरू केले आणि त्यात १४ खेळ घेतले. भौंरा, बांटी, पिट्ठुल, गिल्ली-डंडा, फुगडी, गेडी अशी ही यादी मराठी वाचकाला भोवरा, गोट्या, लगोरी, विटीदांडू, फुगडी अशी ओळखीची निघते. बांबूच्या उंच काठ्यांवर चढून पळायची गेडी तेवढी खास तिकडची. ज्या खेळांचे नियम तोपर्यंत 'ज्याची विटी त्याचा नियम' एवढ्या एका कलमात मावत होते, त्यांना तेव्हा पंच, गट आणि फेऱ्या आल्या. नियम लिहिण्यात खरी अडचण अशी, की गल्लीच्या खेळात नियम मोडणे हाच खेळाचा मोठा भाग असतो, आणि तो भाग लिहिता येत नाही.

गेमकडे परत यायचे तर, कॅसेटनंतर सायबर कॅफे आणि सीडीचा काळ आला आणि ज्ञान तोंडावरून कागदावर उतरले. २००२ चा 'व्हाइस सिटी' आणि २००४ चा 'सॅन अँड्रियास' या गेमांचे चीट कोड झेरॉक्सवर फिरू लागले. भिलाई हे कोचिंगसाठी प्रसिद्ध गाव, त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानात एका बाजूला सेंद्रिय रसायनाच्या नोट्स आणि दुसऱ्या बाजूला रणगाडा मागवण्याचा कोड एकाच यंत्रातून, एकाच दराने निघे. दोन्ही कागद न समजता पाठ करायचे, हेही समान. झेरॉक्सची झेरॉक्स निघताना अक्षरे पुसट होत, ओचा शून्य होई, आणि मग 'हा कोड माझ्या पीसीवर चालत नाही' ही तक्रार येई. त्यावर ठरलेले निदान: रॅम कमी आहे.

सॅन अँड्रियासमधला 'हेसोयाम' हा या काळातला महामंत्र. टाइप करताच तब्येत, चिलखत आणि अडीच लाख डॉलर एकदम. या शब्दाचा अर्थ काय यावर पुष्कळ निरुक्त झाले. गंमत अशी की गेममध्ये हा शब्द लिहून ठेवलेलाच नाही. खेळणारा जी अक्षरे दाबतो त्यांच्यापासून गेम एक आकडा काढतो आणि तो आकडा जुळला की बक्षीस देतो. भलत्याच अक्षरांतून तोच आकडा निघाला तर तीही चालतात. म्हणजे अर्थ शोधणारे जिथे शोधत होते तिथे अर्थाची खोलीच नव्हती. भाषाशास्त्रात अशी नम्रता शिकवणारी उदाहरणे कमी सापडतात.

व्हाइस सिटीने संघटनाची खरी परीक्षा घेतली ती १०० लपवलेल्या पाकिटांनी. गच्च्यांवर, पुलांखाली, किनाऱ्यावर ती ठेवलेली. दर दहा पाकिटांमागे काही ना काही बक्षीस. किती सापडली ते गेम सांगतो, कोणती सापडली ते सांगत नाही. त्यामुळे ज्याने मनाला येईल तशी ९९ गोळा केली, त्याला शंभरावे शोधण्यासाठी पुन्हा शंभर ठिकाणी जावे लागे. या जातीचे दुःख वरणभातात पडलेला एक खडा दातांनी शोधणाऱ्यालाच कळेल. यावर उपाय भिलाईच्या वसाहतीने आधीच करून ठेवला होता: आधी सेक्टर, मग सडक, मग क्वार्टर. पाकिटांना नकाशावर क्रमांक द्यायचे, ठरलेल्या वाटेने जायचे आणि घेतलेल्यावर लगेच फुली मारायची. नियम एवढाच. पण तो लोकांना ९९ पाकिटे झाल्यावर सुचतो.

पाकिटे निदान होती तरी. जे नाहीच त्याची नोंद कशी करायची, हा पुढचा प्रश्न. सॅन अँड्रियासच्या जंगलात बिगफूट नावाचा केसाळ प्राणी फिरतो, अशी अफवा जगभर होती. निर्मात्यांनी नाही म्हटले तरी ती वाढतच गेली, कारण निर्माते नाही म्हणणारच. ज्याने पाहिले तो नेहमी सांगणाऱ्याचा मावसभाऊ असे, आणि मावसभाऊ नेहमी रायपूरला राही. चांगल्या संग्रहात अशा गोष्टी गाळत नाहीत. गाळल्या तर दर उन्हाळ्याच्या सुट्टीत नवा मुलगा तीच अफवा नव्याने शोधून आणतो. म्हणून त्यांच्यासाठी वेगळे पान ठेवून तिथे स्पष्ट लिहायचे: शोधले, नाही. 'नाही' हेही ज्ञानच आहे, आणि ते मिळवायला 'आहे'पेक्षा जास्त रात्री लागतात.

एवढ्या धड्यांनंतर पद्धत ठरवता येते, आणि ती शिकायला भिलाईच्या बाहेर जावे लागत नाही. भारतीय रेल्वेचे बहुतेक रूळ याच कारखान्यातले; जोडून केलेला एकेक रूळ २६० मीटरचा. प्रत्येक रुळाच्या मधल्या उभ्या भागावर कारखान्याची खूण, रुळाचा प्रकार, पोलादाचा दर्जा, महिना आणि वर्ष उठवलेले असते. त्याखेरीज ठोकलेला असतो तो हीट नंबर. शंभराहून जास्त टन पोलाद एका वेळी तयार होते, ती एक हीट. स्वयंपाकघराच्या मराठीत तिला घाणा म्हणतात: भज्यांचा पहिला घाणा, दुसरा घाणा. उद्या एखादा रूळ हजार किलोमीटरवर तडकला तर नंबर वाचून तो कोणत्या घाण्यातला, त्या घाण्यात काय पडले होते आणि त्यातलेच आणखी रूळ कुठे गेले, हे काढता येते. भजे कच्चे निघाले तर घाणा ओळखायचा आणि त्यातली बाकीची खाऊ नयेत, हा व्यवहार घरोघरी आहेच.

ट्रिकेलाही असाच घाणा क्रमांक लागतो. प्रत्येक ट्रिकेपुढे पाच गोष्टी लिहायच्या: गेमची कोणती आवृत्ती, कोणते यंत्र, कोणत्या अटीवर, कोणी करून पाहिले आणि केव्हा. यातल्या चौथ्या रकान्यात सर्वांत जास्त पेच येतात. 'करून पाहिले' याचे भिलाईत आणि इतरत्रही तीन अर्थ होतात: स्वतः केले, दुसऱ्याने करताना पाहिले, आणि करणार होतो पण लाइट गेली. पहिल्याला पक्की नोंद द्यावी, दुसऱ्याला पेन्सिलची, तिसऱ्याला सहानुभूती.

मांडणीचे साधन जगाला १९९५ मध्ये मिळाले. वॉर्ड कनिंगहॅम यांनी कोणीही येऊन दुरुस्त करू शकेल अशी पाने तयार केली आणि होनोलुलूच्या विमानतळावरील बसवरून त्यांना 'विकी' हे नाव दिले. हवाईच्या भाषेत त्याचा अर्थ झटपट. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. गेमवाल्यांनी हे साधन अधाशासारखे उचलले, आणि 'माइनक्राफ्ट'ने तर ते अनिवार्य केले. त्या गेममध्ये लाकूड, दगड, लोखंड चौकटीत ठरावीक रीतीने ठेवले तर कुऱ्हाड होते, पण ती रीत गेमची संगणकावरची आवृत्ती सांगतच नसे. पाककृतींची वही तिच्यात आली २०१७ मध्ये. तोवर संगणकावर खेळणारे एकमेकांना विचारून कुऱ्हाडी करत होते. जावयाला 'करून खा' म्हणून स्वयंपाकघरात ढकलावे आणि डब्यांवर नावे नसावीत, तशी ती अवस्था. डब्यांवर नावे चिकटवली ती खेळाडूंनी.

चिकटवणाऱ्यांच्या जाती ठरलेल्या आहेत. पहिला आरंभशूर: तो 'सर्व बंदुकांची संपूर्ण यादी' असे पान उघडतो, दोन बंदुका लिहितो आणि परीक्षेला बसतो. दुसरा शुद्धलेखनवाला: त्याला गेम येत नाही, पण ऱ्हस्वदीर्घ येते, आणि संग्रह टिकतो तो याच्यामुळे. तिसरा सर्वज्ञ: त्याला सगळे येते पण तो लिहीत नाही, दुसऱ्याने लिहिले की 'चूक आहे' एवढेच म्हणतो. चौथा कंजूष: चांगली ट्रिक त्याने दोन वर्षे लपवलेली असते आणि ती संग्रहात आलेली पाहून त्याला घरफोडी झाल्यासारखे वाटते. पाचवा गरजू: एकही ओळ न वाचता तो विचारतो, "भाई, धबधबा कसा चढायचा?" पाचही जाती लागतात. पाचवा नसता तर पहिल्या चौघांना आपण कोणासाठी खपतो हे कळले नसते.

मांडून झाले की काम संपत नाही, कारण गेम बदलतो. कॅसेटीतला कॉन्ट्रा बिचारा जन्मला तसाच राहिला. फोनवरचा गेम दर काही आठवड्यांनी कूस बदलतो. पबजी मोबाइल २०१८ मध्ये आला, २ सप्टेंबर २०२० रोजी भारतात बंदीत सापडला, २ जुलै २०२१ ला बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. शंभर जणांना आठ किलोमीटर लांबरुंद बेटावर सोडायचे हा सांगाडा तोच, पण बंदुकीचा झटका आणि घरांतला माल बदलत राहिला. या गेमच्या ज्ञानाचा मोठा भाग म्हणजे सेन्सिटिव्हिटीचे आकडे: बोट किती सरकवले की नेम किती सरकावा. एखाद्या नामांकित खेळाडूचे आकडे हजारो मुले आपल्या फोनात भरतात. त्याचा फोन वेगळा, बोट वेगळे, नेट वेगळे. काकांचा चष्मा लावून परीक्षेला बसण्याचाच हा प्रकार, पण काकांना डिस्टिंक्शन मिळाले होते ना! अशा आकड्यांपुढे घाणा क्रमांक नसेल तर ते फुंकरीच्या पानावर हलवावेत.

जुनी झालेली नोंद मात्र पुसू नये. तिच्यापुढे 'अमुक आवृत्तीपर्यंत खरी' एवढे लिहावे. जुनी यंत्रे माळ्यावरून उतरतात, जुने फोन धाकट्या भावाकडे जातात, आणि रद्द झालेली ट्रिक त्या घरात अजून चालू असते. रेल्वेतही जुना रूळ मुख्य मार्गावरून निघाला की सायडिंगला लागतो, तिथे तो वर्षानुवर्षे गाड्या पेलतो.

या सर्व नियमांनी तयार झालेली एक पूर्ण नोंद अशी दिसते. कॉन्ट्रा, घरगुती कॅसेट, फेरफार न केलेली. सुरुवातीचा पडदा दिसत असताना वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी, ए. एकट्यासाठी स्टार्ट, दोघांसाठी सिलेक्ट, मग स्टार्ट. फळ: ३० जीव. पाहा: छत्री, धबधबा. स्वतः करून पाहिले: दोघांनी, वेगवेगळ्या क्वार्टरांत. फुंकर: गरज नाही.

शेवटची पायरी मान्यतेची. तयार नोंद मोठ्या भावाला दाखवतात. तो ती वरपासून खालपर्यंत वाचतो, कागद परत देतो आणि म्हणतो, "हे तर मला आधीपासून माहीत होतं." एवढे झाले की नोंद पक्की समजावी.